मुंबई उपनगरांतील वंध्यत्व-उपचार आणि प्रवास

वंध्यत्वावरील अनेक उपचारांत स्त्रीला काही दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढवली जातात. हा टप्पा साधारणपणे ८ ते १४ दिवसांचा असतो. या काळात रोज ठरावीक वेळी इंजेक्शन घेणे, काही औषधे थंड ठेवणे आणि दर एक ते तीन दिवसांनी सोनोग्राफीसाठी उपचारकेंद्रात जाणे आवश्यक असते. त्यामुळे उपचार आणि प्रवास यांचा मेळ घालणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत हा प्रवास दोन प्रकारचा असतो. घर, कार्यालय आणि उपचारकेंद्र यांमधील रोजची ये-जा हा पहिला प्रकार. गावी जाणे, कामानिमित्तचा दौरा किंवा परदेशवारी हा दुसरा. प्रवासातील दगदग किंवा धक्के यांची भीती सर्वाधिक बोलून दाखवली जाते. प्रत्यक्षात उपचार बिघडण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. इंजेक्शनाची वेळ चुकणे, औषध तापणे किंवा गोठणे आणि ठरलेल्या दिवशी केंद्रात पोहोचता न येणे ही त्यांपैकी प्रमुख होत.

## पार्श्वभूमी

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन या जगातील पहिल्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी त्या वेळी संप्रेरकांची इंजेक्शने न देता, नैसर्गिक मासिक चक्रात तयार झालेले एकच स्त्रीबीज वापरले होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या उपचारांतून एका मुलीचा जन्म झाला. मुखर्जी यांनी मात्र गोनॅडोट्रोपिन या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन अंडाशयाला चालना दिली होती. पुढे जगभर रूढ झालेली पद्धत हीच होय. मुखर्जी यांच्या कामाला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी शरीरबाह्य फलनातून एका मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधीलच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांचे हे संयुक्त काम होते. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला भारतातील असा पहिला जन्म म्हणून तो ओळखला जातो. मुखर्जी यांच्या कार्याला योग्य स्थान मिळावे यासाठी पुढे आनंद कुमार यांनीच पुढाकार घेतला. शरीरबाह्य फलनाची ही पद्धत इंग्रजी आद्याक्षरांवरून आयव्हीएफ या नावाने परिचित आहे. कालांतराने तिचे उपचार दक्षिण मुंबई व परळपुरते मर्यादित न राहता उपनगरांतील खासगी केंद्रांतही मिळू लागले.

औषधांतील बदलांचा प्रवासाशी थेट संबंध आहे. सुरुवातीची गोनॅडोट्रोपिने रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून वेगळी काढली जात. इटलीतील सेरोनो या कंपनीने त्यासाठी वयस्कर जोगिणींच्या मठांतून मूत्र मिळवले होते. ही इंजेक्शने स्नायूत खोलवर द्यावी लागत, त्यामुळे रोज दवाखान्यात जाण्यावाचून पर्याय नसे. १९९० च्या दशकाच्या मध्यात जनुकीय तंत्राने बनवलेले एफएसएच बाजारात आले. ते त्वचेखाली टोचता येते. पुढे पेनाच्या आकाराची उपकरणे आली आणि रुग्णाला स्वतःच इंजेक्शन घेणे शक्य झाले. दवाखान्याची रोजची फेरी त्यामुळे वाचली. मात्र औषध थंड ठेवण्याची व वेळ पाळण्याची जबाबदारी घरावर आली.

## इंजेक्शनांचे प्रकार

उपचारात वापरल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचे कामानुसार चार गट पडतात.

पहिला गट गोनॅडोट्रोपिनांचा. यात एफएसएच व एचएमजी ही औषधे येतात. ती अंडाशयातील बीजपुटिकांची, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातील ‘फॉलिकल’ची, वाढ करतात. मात्रा सोनोग्राफीतील वाढ पाहून कमी-जास्त केली जाते.

दुसरा गट स्त्रीबीजे वेळेआधी बाहेर पडू नयेत यासाठीचा. सेट्रोरेलिक्स व गॅनिरेलिक्स ही यातील परिचित नावे. ही औषधे बहुधा उपचाराच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज दिली जातात. गॅनिरेलिक्सच्या दोन मात्रांमध्ये ३० तासांहून अधिक अंतर पडू नये, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते.

तिसरा गट ‘ट्रिगर’ या नावाने ओळखला जातो. एचसीजी किंवा त्याऐवजी ल्युप्रोलाइड अथवा ट्रिप्टोरेलिन यांची ही मात्रा स्त्रीबीजांची अंतिम परिपक्वता घडवून आणते.

चौथा गट प्रोजेस्टेरॉनचा. भ्रूणरोपणाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तराला आधार देण्यासाठी ते देतात. ते तेलातील इंजेक्शन, योनीमार्गातील गोळी किंवा जेल अशा स्वरूपांत मिळते.

गर्भाशयात शुक्रजंतू सोडण्याच्या, म्हणजे आययूआय या तुलनेने सोप्या उपचारातही गोनॅडोट्रोपिन व ट्रिगर यांचा वापर होऊ शकतो. तेथे मात्रा कमी असते, पण वेळेचे बंधन राहतेच.

## ट्रिगर आणि तासांचे गणित

सर्व इंजेक्शनांत ट्रिगरची वेळ सर्वांत काटेकोर असते. ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजांचे संकलन केले जाते. त्याआधी संकलन केल्यास स्त्रीबीजे पुरेशी परिपक्व नसतात. फार उशीर झाल्यास बीजपुटिका फुटून स्त्रीबीजे पोटात निघून जातात आणि संकलनात हाती काही लागत नाही. त्या वेळी आधीच्या दहा-बारा दिवसांचे उपचार व खर्च वाया जातो.

समजा संकलन बुधवारी सकाळी ८ वाजता ठरले आहे. त्याच्या ३६ तास आधीची वेळ म्हणजे सोमवारी रात्री ८ वाजता. मुंबईत ही वेळ कार्यालयातून परतणाऱ्यांच्या गर्दीची असते. वांद्रे-कुर्ला संकुलातून सायंकाळी ७ वाजता निघालेली बोरीवलीची रहिवासी ८ वाजता गाडीत असण्याची शक्यता मोठी असते. संकलन सकाळी १० वाजता असल्यास तीच वेळ रात्री १० ची होते व बहुतेकांना ती घरी साधता येते. यास्तव केंद्राने ट्रिगरची वेळ सांगताच त्या वेळी आपण नेमके कोठे असू, याचा विचार करणे आवश्यक ठरते. अडचण असल्यास ती त्याच क्षणी सांगितली तर संकलनाची वेळ थोडी सरकवता येऊ शकते. ट्रिगर घेतल्यानंतर मात्र ते शक्य नसते.

ट्रिगर उशिरा घेतला गेल्यास, प्रत्यक्ष घेतल्याची वेळ मिनिटासह केंद्राला कळवावी लागते. वेळ लपवल्यास संकलन चुकीच्या तासाला होते आणि नुकसान रुग्णाचेच होते. रोजच्या गोनॅडोट्रोपिनच्या बाबतीत एखाद-दुसऱ्या तासाचा फरक बहुधा चालतो. एखादी मात्रा पूर्णपणे चुकल्यास दुसऱ्या दिवशी आपल्याच मनाने दुप्पट मात्रा घेऊ नये. केंद्राला विचारूनच पुढचा निर्णय घ्यावा.

## उपनगरांतील रोजचा प्रवास

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. अंधेरी आणि बोरीवली पश्चिम रेल्वेवर, तर घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर आहेत. दोन्ही मार्ग उत्तर-दक्षिण धावतात. त्यामुळे एका मार्गावरील रहिवाशाचे उपचारकेंद्र दुसऱ्या मार्गावर असेल तर प्रवास लांबतो. मुलुंडहून बोरीवलीला लोकलने जायचे झाल्यास दादरपर्यंत दक्षिणेला येऊन, गाडी बदलून पुन्हा उत्तरेला जावे लागते. रस्त्याने जाताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता किंवा घोडबंदर मार्ग धरावा लागतो व दोन्ही ठिकाणी कोंडी नित्याची असते.

८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो मार्गिका पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडणारी पहिली मेट्रो होय. तिची लांबी ११.४ किलोमीटर असून तिच्यावर १२ स्थानके आहेत. दहिसर ते अंधेरी पश्चिम (मार्गिका २अ) आणि दहिसर ते गुंदवली (मार्गिका ७) या मार्गिकांचा पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी आणि उर्वरित भाग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. या मार्गांमुळे बोरीवली-अंधेरी-घाटकोपर हा प्रवास लोकलच्या गर्दीत न शिरता करता येतो. लोकलमध्येही पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित गाड्या धावू लागल्या.

सोनोग्राफीच्या तपासण्या व रक्तचाचण्या बहुधा सकाळी असतात, कारण त्यांच्या निष्कर्षानुसार त्याच दिवशीच्या सायंकाळच्या इंजेक्शनाची मात्रा ठरते. उपचारकाळात अशा चार ते सहा फेऱ्या होतात आणि त्यांच्या तारखा फार आधी सांगता येत नाहीत. नोकरदार स्त्रियांसाठी ही सर्वांत जाचक बाब असते. भारतातील मातृत्व-लाभविषयक कायद्यात प्रसूती, गर्भपात, दत्तक इत्यादींसाठी रजेची तरतूद आहे. वंध्यत्व-उपचाराच्या दिवसांसाठी स्वतंत्र रजा मात्र नाही. परिणामी अनेकींना किरकोळ रजा किंवा उशिरा येण्याची सवलत यांवर भागवावे लागते आणि बऱ्याचदा कारणही उघड करावे लागते.

लोकलमधील दिव्यांगांसाठीच्या राखीव डब्यातून गर्भवती स्त्रियांना प्रवासाची मुभा आहे. उपचार घेणारी स्त्री अद्याप गर्भवती नसते. अंडाशये मोठी होऊन पोट जड झालेले असले तरी ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिला आसन मिळण्याची हमी नसते. उपचाराच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत गर्दीची वेळ टाळणे, उलट दिशेची गाडी धरणे किंवा मेट्रोचा वापर करणे हे व्यवहार्य उपाय आहेत.

वाहतूक खंडित होण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते. रविवारी देखभालीसाठी मध्य रेल्वेवर ‘मेगाब्लॉक’ आणि पश्चिम रेल्वेवर ‘जम्बोब्लॉक’ घेतला जातो. तो साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी उशिरापर्यंत चालतो. संकलन रविवारी आल्यास जाण्यापेक्षा परतीच्या प्रवासाला त्याचा फटका बसतो. पावसाळ्यात रुळांवर व अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या सखल भागांत पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रेल्वे व रस्ते दोन्ही बंद पडून असंख्य लोक रात्रभर वाटेत अडकले होते. जून ते सप्टेंबर या काळात संकलन असल्यास आदल्या रात्री केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम करणे हा जुना व खात्रीचा मार्ग आहे.

कोविड-१९ च्या साथीत या अवलंबित्वाची तीव्रता दिसून आली. मार्च २०२० मध्ये लोकल सेवा सर्वसामान्यांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेने नवे उपचार-चक्र सुरू न करण्याची शिफारस केली. जून २०२० मध्ये लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्व स्त्रियांना गर्दी नसलेल्या वेळेत प्रवासाची परवानगी २१ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली.

## औषधांचे तापमान

एफएसएचची पेने आणि इतर अनेक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. काही औषधांना ठरावीक मुदतीपर्यंत २५ अंशांखाली ठेवण्याची सवलत असते. ती वेष्टनावर छापलेली असते. भुकटी स्वरूपातील काही औषधे २५ अंशांपर्यंत टिकतात. येथे एक गैरसमज वारंवार होतो. माहितीपत्रकातील २५ अंशांची मर्यादा युरोपातील खोलीत सहज पाळली जाते. मुंबईत मात्र वर्षाच्या प्रत्येक महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत ठेवलेले औषध ‘खोलीच्या तापमानात’ आहे, असे मानता येत नाही.

उष्णतेइतकाच अतिथंडपणाही घातक असतो. ही औषधे प्रथिनांची बनलेली असल्याने गोठल्यास निकामी होतात. गोठून पुन्हा वितळलेले औषध दिसायला पूर्ववत असू शकते, म्हणून ते ओळखता येत नाही. फ्रीजच्या बर्फकप्प्यात किंवा त्याला लागून औषध ठेवू नये. मधला कप्पा योग्य असतो. दारातील कप्प्यात तापमान सतत बदलते. प्रवासात बर्फाचा किंवा जेलचा पॅक थेट औषधाला न टेकवता मध्ये कापडाची घडी ठेवावी.

पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देणाऱ्या पिशव्या बाजारात मिळतात. कोरड्या हवेत त्या उत्तम काम करतात. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बाष्पीभवन मंदावते आणि त्यांचा परिणाम कमी होतो. अशा वेळी जाड अस्तराची पेटी व जेल पॅक अधिक भरवशाचे ठरतात. उन्हात उभ्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत औषध ठेवणे सर्वथा टाळावे.

वीजपुरवठा खंडित झाल्यास फ्रीजचे दार बंद ठेवणे हा पहिला उपाय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीडमधील बिघाडामुळे मुंबई महानगरात वीज गेली आणि लोकलही थांबल्या. अशा प्रसंगी बंद फ्रीज काही तास थंड राहतो. औषध तापल्याची शंका असल्यास ते फेकून देण्यापूर्वी किंवा वापरण्यापूर्वी केंद्राला विचारावे.

## लांबचा प्रवास

### उपचाराच्या टप्प्यांनुसार

इंजेक्शने सुरू होण्यापूर्वीचा काळ प्रवासाला सर्वांत मोकळा असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत, केंद्राच्या संमतीने व औषधांची सोय असल्यास, छोटा प्रवास शक्य असतो. त्यानंतर सोनोग्राफी सुरू होते आणि संकलन होईपर्यंत शहराबाहेर जाणे टाळणे हिताचे असते. अन्य शहरात सोनोग्राफी करून अहवाल पाठवता येतो. परंतु बीजपुटिकांचे मोजमाप एकाच केंद्रात सलग झाल्यास वाढीचा अंदाज अधिक विश्वासार्ह असतो.

संकलन भूल देऊन किंवा गुंगीचे औषध देऊन केले जाते. त्यानंतर २४ तास स्वतः वाहन चालवू नये व घरी जाताना सोबत कोणीतरी असावे. पुढील सुमारे दोन आठवडे अंडाशयाच्या अतिउत्तेजनाचा धोका संभवतो, म्हणून रुग्णालय जवळ असलेल्या ठिकाणीच राहावे. सर्व भ्रूण गोठवून रोपण पुढील एखाद्या महिन्यात करण्याची पद्धत आता बरीच रूढ आहे. तिच्यामुळे अतिउत्तेजनाचा धोका कमी होतो आणि मधल्या काळात प्रवासाला वाव मिळतो.

गर्भधारणा झाल्यास सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीपर्यंत दूरचा प्रवास पुढे ढकलण्याचा सल्ला देतात. गर्भ गर्भाशयातच आहे की बीजवाहिनीत, हे या तपासणीत कळते. बीजवाहिनीतील गर्भ फुटल्यास तातडीची शस्त्रक्रिया लागते.

### गावचा प्रवास

मुंबईच्या उपनगरांतील असंख्य कुटुंबे गणेशोत्सव व शिमग्याला कोकणात जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा प्रवास रस्त्याने किंवा कोकण रेल्वेने बरेच तास चालतो आणि सणाच्या दिवसांत त्याहूनही लांबतो. रेल्वेत प्रवाशांच्या औषधांसाठी फ्रीजची सोय नसते. गावी वीज जाणे, जवळपास बीजपुटिकांची सोनोग्राफी करणारे केंद्र नसणे आणि भरलेल्या घरात एकांत न मिळणे या अडचणी असतात. उपचार घरातील मंडळींना सांगितलेला नसेल तर फ्रीजमधील औषधाचे खोके आणि सायंकाळचे इंजेक्शन यांविषयी प्रश्न विचारले जातात. सणाची तारीख आधीच ठाऊक असते. त्यामुळे उपचार-चक्र एक महिना पुढे घेणे हा मार्ग बहुतेक वेळा उपलब्ध असतो. वय अधिक असल्यास किंवा स्त्रीबीजांचा साठा कमी असल्यास उपचार लांबवण्याऐवजी त्या वर्षी गावी न जाणे अधिक योग्य ठरू शकते. हा निर्णय वैद्यकीय कारणांवर आधारलेला असावा.

### विमानप्रवास

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी-सांताक्रूझ परिसरातच आहे. विमानात औषधे नेहमी हातातील सामानात ठेवावीत. सामानकक्षातील सामान हरवू शकते आणि तेथील थंडीमुळे औषध गोठण्याचाही संभव असतो. द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरची मर्यादा आवश्यक औषधांना लागू केली जात नाही. मात्र सुया व सिरिंज नेण्यासाठी वैद्यकीय गरजेचा पुरावा लागतो. डॉक्टरांचे पत्र, औषधचिठ्ठी व औषध-दुकानाचे बिल सोबत ठेवावे. पत्रावरील नाव पारपत्रावरील किंवा ओळखपत्रावरील नावाशी जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत येथे घोटाळा होण्याची शक्यता असते. औषधे मूळ वेष्टनातच असावीत. परदेशी जाताना त्या देशाचे औषध-आयातीचे नियम वकिलातीकडून आधी तपासावेत.

वेळक्षेत्र बदलल्यास घड्याळातील आकडा न पाळता दोन मात्रांमधील २४ तासांचे अंतर पाळतात. मुंबईत रात्री ८ वाजता इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीसाठी दुबईत तीच वेळ सायंकाळी साडेसहाची असते. लंडनमध्ये हिवाळ्यात ती दुपारी अडीचची आणि उन्हाळ्यात साडेतीनची होते.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील संशोधन-प्रकल्पात आढळले. संप्रेरक-उपचाराने, विशेषतः अतिउत्तेजन झाल्यास, हा धोका आणखी वाढतो. अशा प्रवासात अधूनमधून चालणे, पुरेसे पाणी पिणे आणि गरजेनुसार घट्ट मोजे वापरणे हितावह असते.

### लसीकरण व संसर्ग

रुबेला, कांजिण्या व पीतज्वर यांच्या लसी जिवंत विषाणूंपासून बनतात. त्या घेतल्यानंतर साधारण एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. आफ्रिकेतील काही देशांत जाण्यासाठी पीतज्वराची लस सक्तीची असल्याने उपचाराचे वेळापत्रक ठरवताना ती विचारात घ्यावी लागते. झिका विषाणू गर्भाला बाधक असतो. महाराष्ट्रात त्याचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला व २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण आढळले. झिकाचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून परतल्यावर स्त्रियांनी दोन महिने व पुरुषांनी तीन महिने गर्भधारणेचा प्रयत्न टाळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजेच पतीने एकट्याने केलेला प्रवासही उपचारावर परिणाम करू शकतो.

## सुयांची विल्हेवाट

वापरलेल्या सुया व सिरिंज यांचा समावेश २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्यात करण्यात आला होता. त्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकल्यास सफाई कामगारांना टोचून संसर्ग होण्याचा धोका असतो. सुईला टोपण पुन्हा लावण्याचा प्रयत्न न करता ती टणक, सहज न टोचता येणाऱ्या झाकणाच्या डब्यात टाकावी. प्रवासातही असा छोटा डबा जवळ ठेवावा. भरलेला डबा स्वीकारण्याची सोय अनेक उपचारकेंद्रे व रुग्णालये करतात. उपचाराच्या सुरुवातीलाच त्याविषयी विचारणा करावी. रेल्वे स्थानकाच्या किंवा मेट्रोच्या स्वच्छतागृहातील कचरापेटीत सुई टाकू नये.

## धोक्याची लक्षणे

अंडाशयाच्या अतिउत्तेजनात शरीरातील द्रव रक्तवाहिन्यांतून पोटात झिरपतो. पॉलिसिस्टिक ओव्हरी असलेल्या व तरुण स्त्रियांत हा धोका अधिक असतो. पोट झपाट्याने फुगणे, सतत उलट्या, धाप लागणे, लघवी कमी होणे आणि एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. मोठ्या झालेल्या अंडाशयाला पीळ बसल्यास ओटीपोटाच्या एका बाजूला अचानक तीव्र कळ येते. पाय किंवा मान एका बाजूला सुजणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. यांपैकी काहीही आढळल्यास प्रवास सुरू करू नये. प्रवासात असल्यास जवळच्या रुग्णालयात जावे आणि संप्रेरकांची इंजेक्शने चालू असल्याचे तेथे प्रथम सांगावे. औषधांची नावे, मात्रा व तारखा लिहिलेला कागद यासाठी जवळ असावा.

## प्रवासाविषयीचे समज

भ्रूणरोपणानंतर स्त्रीने अंथरुणातून उठू नये, रिक्षाने जाऊ नये, जिना चढू नये, असे समज सर्वत्र आढळतात. भ्रूण गर्भाशयाच्या मऊ अस्तराच्या दोन थरांमध्ये असते; चालण्याने किंवा खड्ड्यांतील धक्क्यांनी ते बाहेर पडत नाही. रोपणानंतर अंथरुणात पडून राहिल्याने यशाचे प्रमाण वाढत नसल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा विश्रांतीची शिफारस करू नये असे म्हटले आहे. संकलनाच्या आसपास मात्र धावणे, उड्या मारणे व जड सामान उचलणे टाळण्यामागे खरे कारण आहे, कारण मोठ्या अंडाशयाला पीळ बसू शकतो.

या समजांचा सामाजिक परिणामही होतो. उपचार अयशस्वी ठरल्यास त्याचा दोष अनेकदा स्त्रीच्या प्रवासाला किंवा नोकरीला दिला जातो. शरीरबाह्य फलनाचे यश प्रामुख्याने स्त्रीचे वय व भ्रूणाची गुणवत्ता यांवर अवलंबून असते. लोकलने केलेल्या प्रवासामुळे गर्भधारणा झाली नाही, या समजाला वैद्यकीय आधार नाही.

## कायदेशीर बाबी

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक उपचारकेंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांपैकी काहीजण उपचारासाठी मुंबईत येतात. स्वतःची स्त्रीबीजे, शुक्रजंतू किंवा भ्रूण स्वतःच्या वापरासाठी देशाबाहेर न्यायचे असल्यास या कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे अर्धा उपचार मुंबईत व अर्धा परदेशात करण्याचा विचार असल्यास ही परवानगी उपचार सुरू होण्यापूर्वीच लक्षात घ्यावी लागते.

## हे सुद्धा पहा

वंध्यत्व · संप्रेरक · मुंबई उपनगर जिल्हा · मुंबई उपनगरी रेल्वे · मुंबई मेट्रो · इंदिरा हिंदुजा